मंजूची बाजू

वहिनी, तुमची सुया टोचायची उशी माझ्याकडे आली आहे.

तुमच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी दादा साकेत नगरहून आमच्याकडे अरेरा कॉलोनीत स्कूटरवर आले. चहाला नको म्हणाले आणि हातातला कापडी झोला डायनिंग टेबलावर ठेवला. त्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती टोमॅटोसारखी लाल उशी काढून म्हणाले, "त्या दिवशी सकाळी ओवून ठेवल्या होत्या तिने. मला काही त्या काढवेनात. तू बघ." उशीवर अकरा सुया होत्या आणि अकराही ओवलेल्या. सहा निळ्या, तीन लाल, दोन पांढऱ्या.

आता मला सांगा, हे कोणाच्या हाती द्यावं? तर तुमच्या धाकट्या जावेच्या, जिला सुईच्या नेढ्यातून दोरा घालायला चष्मा, खिडकी आणि शेजारीण अशा तिन्ही गोष्टी एकदम लागतात. माझं आयुष्यभराचं विणकाम म्हणजे ते एक टोपडं. सईच्या बारशासाठी क्रोशावर घेतलं आणि ती दुसरीत गेली तेव्हा पुरं झालं. तोवर तिचं डोकं पुढे निघून गेलं होतं, म्हणून मी ते मिक्सरच्या भांड्यावर घातलं. तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात, पाहिलंत, आणि अगदी शांतपणे म्हणालात, "बसलं आहे हं चांगलं."

झोल्यात दुसरी वस्तू होती आपल्या घरचा अंतरपाट. दादांनी तो घडीतून थोडा उघडून दाखवला. तुमची तुळस मधोमध, तिच्याभोवती घरातल्या एकेका लग्नाची एकेक आकृती, आणि खालच्या कोपऱ्यात सईची होडी. होडी पुरी झाली आहे. तिचं शीड मात्र नुसतं तुटक-तुटक रेघांचं, म्हणजे एक टाका आहे, एक नाही, एक आहे, एक नाही. वैशाखात सईचं लग्न, आणि होडीला शीड नाही.

"लग्न पुढे ढकलायचं का?" असं अभयने आपल्या भावाला दहाव्या दिवशी विचारलं होतं. दादा म्हणाले, "तिच्या डायरीत तिथी लिहिलेली आहे. मी खोडणार नाही." पण शिडाचं काय करायचं हे कुठल्याच डायरीत नव्हतं.

तुमच्या त्या सुया ओवण्यावर मी पंचवीस-सव्वीस वर्षं हसत आले. सकाळची पूजा झाली की तुम्ही पूर्वेच्या खिडकीत बसून दहा-बारा सुया ओवून उशीवर टोचून ठेवायच्या आणि मग दिवसाला लागायचं. जसं कोणी भाजी चिरून ठेवतं. मी एकदा विचारलंही, की एवढ्या सुया एका माणसाला कशाला?

"अगं मंजू, टाइम मिळतो कधी? कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये," तुम्ही म्हणालात. "त्यात सुई शोध, दोरा शोध, ओव, तोवर तिसरी होऊन जाते. हात रिकामा झाला की सुई तयार पाहिजे."

आणि तुमचा हात रिकामा व्हायचा तरी कुठे, हे मी फाल्गुन-चैत्रात डोळ्यांनी बघितलेलं आहे. शाळेत तुम्ही गणित शिकवत होतात, तेव्हा तपासायच्या बोर्डाच्या कॉप्यांचे, म्हणजे उत्तरपत्रिकांचे, गठ्ठे त्याच महिन्यात. वर्षाचा गहू त्याच महिन्यात, तो निवडून कोठीत जायचा. गच्चीवर बटाट्याचे चिप्स. कूलरला नवी खस, वाळ्याची. रंगपंचमीला तुमच्या माहेरची ग्वाल्हेरची मंडळी, म्हणजे मोजून चौदा माणसं आणि त्यांचे रंगलेले कपडे. मग गुढी, मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं. बाकी जग भरतकाम कधी करतं तर पावसाळ्यात, दुपार लांबली की. तुमचं मात्र सगळं मोठं काम याच दोन महिन्यांत उभं राहायचं. वीस कॉप्या तपासल्या की एक पान, चाळीस झाल्या की एक फूल, असा तुमचा हिशेब. नापास होणाऱ्या मुलांमुळे फुलं वेडीवाकडी येतात, असंही तुम्ही एकदा म्हणाला होतात.

"इतकी कामं असताना तुम्हाला हे सुचतं कसं?" मी विचारलं होतं.

"कामं नसली की मला झोप येते."

मी नोकरीचं कारण सांगायची, मग सईच्या अभ्यासाचं, मग पाठीचं. तुम्हीही नोकरी करत होतात आणि तुम्हालाही पाठ होती, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी विषय बदलला.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगायचं टाळते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "प्रस्तावनेला मार्क नसतात."

तर माझं लग्न. त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. मी पुण्याहून भोपाळला आलेली, चोवीस वर्षांची, जिभेला धार होती आणि ती धार म्हणजेच हुशारी असा समज होता. तुम्ही घरात येऊन दहा वर्षं झालेली. धाकट्या दिराचं लग्न म्हणून तुम्ही पहिल्यांदा अंतरपाट भरायला घेतलात, तोही कॉप्यांच्या दिवसांत, महिन्याभरात. पांढऱ्या मॅटीच्या कापडावर मोठं तुळशीवृंदावन, कडेला हिरवी वेल. लग्नात भरलेली सुलट बाजू अभयकडे आली आणि उलटी माझ्याकडे.

नंतर चार दिवसांनी सत्यनारायण झाला. प्रसाद घेत बायका बसल्या होत्या. कोणीतरी अंतरपाटाचं कौतुक केलं, आणि सगळ्यांनी नव्या सुनेकडे पाहिलं. मी म्हणाले, "सुंदरच आहे. पण माझ्या बाजूने नुसत्या गाठीच दिसत होत्या."

बायका हसल्या. सासूबाईही हसल्या. तुम्ही म्हणालात, "हो का? बघते हं." आणि रिकाम्या वाट्या उचलून आत गेलात.

बस्स, एवढंच. यावर आपण दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

पण तुम्ही विसरला नाहीत, हे मला दोन वर्षांनी कळलं. सासूबाईंना तेव्हा दर आठवड्याला हॉस्पिटलात न्यावं लागायचं, आणि तुमचं घर त्याच्या अगदी समोर म्हणून ते काम तुमच्याकडेच आलं होतं. एकदा मी सोबत आले. बाकड्यावर आपण दोघी, सासूबाई आत. तुम्ही पिशवीतून उशी काढलीत आणि काहीतरी भरू लागलात. शेजारच्या बाकड्यावर एक बाई होत्या, धारवाडकडच्या. नवऱ्याच्या बदलीमुळे भोपाळला आलेल्या, आणि तो नवरा त्या दिवशी आत ऑपरेशनला. त्या एकटक तुमच्या हाताकडे बघत होत्या. तुम्ही काही न विचारता एक ओवलेली सुई आणि रुमालाचं एक टोक त्यांच्यापुढे केलंत. त्यांनीही काही न विचारता घेतलं. दहा मिनिटांनी त्यांनी तुमचं काम उलटून पाहिलं आणि त्या अवस्थेतही त्यांना हसू आलं.

"दीदी, पीछे भी आगे जैसा होना चाहिए ना."

आणि त्यांनी शिकवलं. जाताना एक टाका घालायचा, एक सोडायचा. शेवटपर्यंत जाऊन मागे फिरायचं आणि येताना सोडलेल्या जागा भरायच्या. सुरुवातीला गाठ नाही, शेवटी गाठ नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांच्या आतच लपवायचं. दोन्ही बाजू सारख्या. तुम्ही एका ओळीत शिकलात. मी तिघींसाठी चहा आणायला गेले, कारण मला कळलं होतं की हे कोणासाठी चाललं आहे.

पुढच्या फाल्गुनात धाकट्या वन्संचं लग्न ठरलं, आणि तुम्ही अंतरपाट पुन्हा बाहेर काढलात. मला वाटलं, नवीन काहीतरी भरतील. तुम्ही कात्री घेतलीत आणि जुनी तुळस उसवायला लागलात. पूर्ण. एकेक गाठ. माझ्या समोर. मी शेजारी बसून हिरवे हरभरे सोलत होते.

वहिनी, तेव्हा बोलायला हवं होतं. हरभरे काही पळून जाणार नव्हते.

काय बोलायला हवं होतं, ते आता सांगते. हे मी अभयलाही कधी सांगितलेलं नाही. त्या दिवशी अंतरपाटामागे मी उभी होते ना, तेव्हा मला पळून जायचं होतं. खरोखरच, चप्पल कुठे काढली आहे ते आठवत होते मी. टिनाच्या छपराचा हॉल, एप्रिलचं ऊन, मागे बाबांचा खोकला, आणि मंगलाष्टकं म्हणणारे आपले सासरचे काका एक कडवं संपलं की दुसरं सुरू करत होते. या गावात मी कोणालाही ओळखत नव्हते. आणि नाकासमोर चार बोटांवर तुमच्या त्या गाठी. लाल, हिरव्या, काही घट्ट, काही ढिल्या. एक लाल दोरा तर कापायचाच राहिलेला, वीतभर लोंबत होता. मला एकदम वाटलं, या घरातही कोणाची तरी धावपळ होते. कोणाचा तरी दोरा कापायचा राहतो. म्हणजे मलाही इथे राहता येईल. आणि मी गाठी मोजायला लागले. एकोणीस मोजल्या. विसावी मोजणार, तेवढ्यात अंतरपाट दूर झाला, आणि समोर अभय, घामाने निथळलेला, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला.

मग चार दिवसांनी बायकांमध्ये चमकायची संधी आली आणि मी तीच गोष्ट टोमणा करून सांगितली. जिने मला उभं ठेवलं, तिलाच. आधी लाज वाटली म्हणून बोलले नाही. मग बरेच दिवस गेले म्हणून. मग तुम्ही गाठ मारणंच सोडलंत, आणि तुमचं काम इतकं देखणं व्हायला लागलं की आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला पटवलं. वन्संच्या लग्नात तुम्ही तीच तुळस बिनगाठीची पुन्हा भरलीत आणि शेजारी पालखी. तुमच्या निखिलच्या लग्नात दोन मोर भरलेत. दर वेळी लोक अंतरपाटाच्या पुढे जायचे, मागे जायचे, आणि म्हणायचे, यातली सुलट कोणती? तुम्ही माझ्याकडे बघायचात. मी म्हणायची, "वा." ही माझी प्रतिभा.

आणि यंदा तर मी कळसच केला. माघात, सईच्या खरेदीच्या धांदलीत, मी जवाहर चौकातून एक तयार अंतरपाट उचलून आणला. मरून मखमल, त्यावर सोनेरी जरीची पालखी, कडेने मोती. तुमचे डोळे, तुमचं बीपी, त्यात ही होडी, कशाला त्रास, असं सगळं मनात जुळवून मी तो तुमच्यासमोर उलगडला.

होडी ही सईची मागणी. ती आणि तिचा होणारा नवरा मोठ्या तलावावर वल्हवायला शिकताना भेटले, म्हणून. "होडी भरेन मी," तुम्ही तिला म्हणाला होतात, "पण अक्षता पडेपर्यंत बुडू नका म्हणजे झालं."

तर मखमल पाहून तुम्ही सगळ्यात आधी ती उलटवलीत. मागे जाड कागद चिकटवलेला होता.

"मागे हे काय?"

"मागून कोण बघतं, वहिनी?"

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत.

"नवरी बघते."

मला जे लागायचं ते लागलं. आणि आपलं चुकलं आहे हे पक्कं माहीत असलं की माणूस जसा आवाज चढवतो तसा मी चढवला. म्हणाले, हा हट्ट आहे. म्हणाले, तुम्हाला अजून काय सिद्ध करून दाखवायचं आहे?

"सिद्ध करायला मी काय प्रमेय शिकवून राहिले आहे?" तुम्ही म्हणालात. "होडी काढते आहे. दोन्ही आणा हॉलवर, ज्याला जो पसंत तो धरेल."

त्यानंतर चार दिवस आपला रोजचा अकराचा फोन झाला नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच केलात, गव्हाबद्दल. या खेपेचा गहू चांगला आहे, तुझ्यासाठीही घेते. मी हो म्हणाले. भांडण तिथेच राहिलं, ना मिटलं, ना पुढे गेलं. रंगपंचमीला तुम्ही येऊन माझ्या गालाला गुलाल लावून गेलात. नंतरच्या मंगळवारी दादांचा फोन आला. या वर्षी आपल्या दोन्ही घरी गुढी नव्हती.

दादा झोला ठेवून गेल्यावर मी अंतरपाट पुरता उलगडला. आत तुमचे आलेखाचे कागद होते, शाळेच्या वहीतले, टाचणीने एकत्र लावलेले. पालखीचा, मोरांचा, होडीचा. चौकोन मोजून पेन्सिलीने काढलेले. प्रत्येक कागदावर तुमच्या त्या ठसठशीत फळ्यावरच्या अक्षरात एका बाजूला लिहिलं होतं, "समोरून". आणि दुसऱ्या बाजूला, "मंजूची बाजू".

तिन्ही कागदांवर. पहिला कागद पिवळा पडलेला, त्यावरही.

मी खुर्चीत बसले. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझं ते एक वाक्य घडी घालून जपून ठेवलं होतंत. मग दादांना फोन केला, आणि काय विचारायचं ते न सुचून सरळ विचारलं, "दादा, वहिनींच्या मनात माझा राग होता का हो?"

"कसला?"

मी कागदांचं सांगितलं. दादा थोडे हसले. तेराव्यानंतर पहिल्यांदाच हसले असावेत.

"अगं, तो तर आमच्या घरातला शब्द आहे. भरायला बसली की मला उभं करायची. अहो, मंजूच्या बाजूने कसं दिसतंय बघा. मी म्हणायचो, चांगलं आहे. तर म्हणायची, तुम्हाला काय कळतं, मंजू असती तर बरोबर चूक काढली असती."

"म्हणजे रागच."

"राग कशाला? शाळेत पोरांना सांगायची ना ती, उत्तर आलं की ताळा करून बघा, उलटीकडून. म्हणायची, मला आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळे करायची सवय, माझा ताळा करणारी एकटी मंजू निघाली. नाहीतर मी गाठीच मारत बसले असते."

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते सांगत नाही. अभयने कांदा चिरते आहेस का असं विचारलं, एवढं पुरे.

तर असा आपला कारभार, वहिनी. तुम्ही माझ्या टोमण्याचे उपकार मानत राहिलात, मी तुमच्या गाठींचे. दोघी एकाच गावात, रोज अकरा वाजता फोन, गहू, पापड, डाळ, सगळं बोललो. हे राहिलं.

मग मी ठरवलं की शीड मी भरणार. सईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू?" आणि लगेच, "नाही म्हणजे, भर ना." तिच्या चेहऱ्यावर मिक्सरचं टोपडं मला स्पष्ट दिसलं.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. रविवारी दुपारचे तीन तास राखून ठेवले, दार लावून घेतलं, पंखा, दिवा, पाण्याचा तांब्या. तीन तासांत केटररचे दोन फोन आले, पत्रिकेतल्या एका आडनावावरून अभय दारावर टकटक करून गेला, आणि माझे टाके झाले पाच. त्यातले तीन चुकीच्या चौकोनात. ते उसवताना बोटात सुई घुसली. सोमवारी मी दार उघडं ठेवलं, उशी गॅसच्या ओट्याशेजारी ठेवली आणि कुकर लावला. पहिली शिट्टी ते दुसरी, चार टाके. सगळे बरोबर.

गेले काही दिवस असंच चाललं आहे. मेंदीवालीची वाट बघताना दोन टाके. फोनवर मावशीबाई जेवणाच्या मेन्यूवर बोलत होत्या तेव्हा तब्बल अकरा. तुम्ही जाताना सोडलेल्या जागा मी येताना भरते आहे. तुमचा टाका, मग माझा, मग तुमचा. कुठला कोणाचा हे आंधळ्यालाही कळेल. तुमचे उभे राहतात, माझे जरा रेलतात. पण चौकोन तुम्ही आधीच मोजून दिले आहेत, त्यामुळे मला वाट चुकता येत नाही. आणि सुई संपली की उशीवर पुढची तयार. एकदाही मला दोरा ओवावा लागला नाही. तुमच्या हातचा दोरा होता तोवर मी जरा कंजूषपणेच भरत होते, हेही सांगून टाकते.

सहा निळ्या सुया शिडाला लागल्या. वरच्या टोकाला एक इवलंसं लाल निशाण आहे, त्याला एक लाल. काल दुपारी डाळ शिजेपर्यंत निशाण पुरं झालं.

आता माझी चूक. दोऱ्याचं टोक टाक्यांच्या आत लपवायला मला शेवटपर्यंत जमलं नाही. तीनदा प्रयत्न केला, तीनदा दोरा सुटून आला. शेवटी मी मला जे येतं ते केलं. प्रत्येक सुईमागे एक गाठ मारली. त्या सगळ्या एकाच बाजूला आल्या. कोणत्या, ते तुम्ही ओळखलंच असेल.

संध्याकाळी दादा आले. मी आणि सईने अंतरपाट दोन्ही टोकांना धरून उभा केला. दादा काही न सांगता सवयीने मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मान वाकडी करून त्यांनी पाहिलं.

"शीड बरोबर आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "गाठी आहेत."

"माहीत आहे."

"सुलभा असती तर तिने उसवायला लावलं असतं."

"तेही माहीत आहे."

सई टोक धरून माझ्या बाजूला वळली, गाठींवरून तिने बोट फिरवलं. "मागून कापड लावून घेऊ या का? शिवणाऱ्या मावशींना सांगते, पटकन लावून देतील." आणि तेव्हा, वहिनी, दादांच्या समोर, हातात अंतरपाट धरून, मी ते सगळं सांगितलं. हॉल, ऊन, चप्पल, लोंबणारा लाल दोरा, एकोणीस. सत्यनारायणाचं वाक्यही. हरभरेसुद्धा. तुम्हाला सांगायचं ते दादांना सांगितलं, यापेक्षा जवळचा पत्ता आता माझ्याकडे नाही.

दादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "हे तिला कळायला पाहिजे होतं," आणि पुढे, "फार हसली असती."

मी सईला म्हटलं, लाव कापड, तुला आवडेल तसं कर. ती म्हणाली, "नको. ही बाजू माझ्याकडे धरायची, असं गुरुजींना आधीच सांगून ठेव. आणि आई, तो तुझा मखमलीचा हॉलवर नेलास तरी गाडीतच राहू दे."

उशीवर चार सुया अजून ओवलेल्या आहेत, दोन लाल, दोन पांढऱ्या. त्या मी सईच्या रुखवतात ठेवणार आहे, टोमॅटोसकट. लोक विचारतील हे काय, तर विचारू देत.

तुम्ही भरलेलं सगळं दोन्हीकडून सारखं आहे, वहिनी. मी काल पुन्हा पुढून पाहिलं, मागून पाहिलं; तुळस, पालखी, मोर, शिडाखालची होडी, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मधली तुळस उलटवून मी माझा तो लाल दोरा शोधत होते. तो तुम्ही कधीच काढून टाकलात.

गाठी आहेत त्या फक्त शिडामागे. मी त्या उसवणार नाही. काका नाहीत आता, पण मंगलाष्टकं म्हणायला आपल्याकडे किती जण पुढे सरसावतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरीला बराच वेळ उभं राहावं लागेल. माझ्यासारख्या एकोणीस नाहीत. सातच आहेत. तिला दोनदा मोजता येतील.